नाशिकमध्ये पहिल्या फोटोवॉकला निघताना

"कॅमेरा कोणता आणू?"

फोटोवॉकच्या ग्रुपमध्ये नवीन माणूस आला की त्याचा पहिला मेसेज हाच. उत्तरही ठरलेलं आहे: खिशात आहे तो. आमच्या रविवारच्या टोळक्यात निम्मे लोक मोबाइलवर फोटो काढतात, आणि ग्रुपवर ज्यांच्यावर सगळ्यात जास्त बोललं जातं ते फोटो बऱ्याचदा त्यांचेच असतात. तेव्हा चांगली लेन्स घेऊ आणि मग जाऊ, असं करत बसू नका.

फोटोवॉक म्हणजे काय, तर आठ-दहा जणांनी ठरल्या वेळी जमायचं, ठरल्या वाटेनं रमतगमत चालायचं, दिसेल ते टिपायचं, शेवटी चहा-मिसळ, आणि संध्याकाळी प्रत्येकानं निवडक चार-पाच फोटो ग्रुपवर टाकायचे. २००८ मध्ये स्कॉट केल्बी या अमेरिकन छायाचित्रकारानं एकाच दिवशी जगभरच्या शहरांतून असे वॉक घ्यायला सुरुवात केली आणि ही गोष्ट सगळीकडे पसरली. नवख्यांना वाटतं, शिकायचं ते सगळं चालताना. मला मात्र जे काही आलं ते संध्याकाळी आलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे तीसेक फोटो काढले. समोरून, बाजूनं, खाली बसून. शेजारी एक निवृत्त शिक्षिका जुना मोबाइल घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एकच फोटो काढला आणि पुढं गेल्या. संध्याकाळी तो ग्रुपवर आला. मारुतीच्या पायाशी एक बाप आपल्या लहान मुलाला हात उंच करून दाखवतोय, पाणी कुठवर आलं होतं ते. गोदावरीला पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याशी आलं, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. म्हणजे अख्ख्या गावाची मोजपट्टी समोर उभी होती आणि मी नुसती मूर्ती टिपत होतो. ते दोघं मलाही दिसले असणार. माझ्या एका फोटोत त्या मुलाचं अर्धं डोकं आलं होतं, आणि ते मी घरी येऊन कापूनही टाकलं होतं.

एकाच जागी, एकाच उजेडात दहा जण उभे असतात आणि दहा वेगळे फोटो येतात. ते शेजारी शेजारी ठेवून बघायला मिळावेत, यासाठीच ग्रुपनं फिरायचं. एरवी एकट्यानं फिरणं जास्त सुखाचं, हे मलाही मान्य आहे.

ग्रुप कसा शोधायचा

इन्स्टाग्रामवर नाशिक, गोदाघाट, पंचवटी अशा ठिकाणांच्या नावानं शोधा. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. एखाद्या पानावर वेगवेगळ्या लोकांचे फोटो त्यांच्या नावासकट दिसत असतील, तर तिथं खरोखर माणसं जमतात असं समजा. सगळे फोटो एकाच माणसाचे आणि खाली लग्नाच्या शूटचे दर असतील, तर तो ग्रुप नाही, दुकान आहे. १९ ऑगस्टच्या आसपास, जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्तानं, बऱ्याच वॉकची जाहिरात येते. तेव्हा शोधलंत तर लवकर सापडेल.

जायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: जमायचं कुठं, किती वेळ, पैसे आहेत का, आणि पाऊस आला तर काय. साधा वॉक बहुतेक फुकटच असतो, फक्त ज्याचा त्याचा चहा ज्यानं त्यानं द्यायचा. शिकवणी असेल तर फी असते आणि ती असायलाही हरकत नाही, पण ते आधी कळलं पाहिजे. मुलींनी आणि बायकांनी 'आणखी कोण कोण येणार आहे' हे मोकळेपणानं विचारावं, पहिल्यांदा मैत्रिणीला बरोबर न्यावं. या प्रश्नावर कपाळाला आठ्या घालणारा संयोजक असेल, तर दुसरा ग्रुप बघा.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं की दोन-चार दिवस नुसतं वाचा. मग एक छोटा मेसेज: नाव, कुठल्या भागात राहता, कशावर फोटो काढता, पहिल्यांदाच येताय. एवढं पुरतं. सुप्रभातचे मेसेज आणि फुलांची चित्रं मात्र टाकू नका. अशा ग्रुपमधून माणूस काढला जातो तो बहुधा याच कारणासाठी.

आदल्या रात्री

बॅटरी चार्जिंगला लावा आणि कार्ड कॅमेऱ्यात आहे का ते उघडून बघा. मी एकदा कार्ड लॅपटॉपमध्येच विसरलो आणि दोन तास गळ्यात नुसतं वजन घेऊन फिरलो. सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायला मात्र उपयोगी पडलो.

मोबाइलवाल्यांनी मेमरी रिकामी करावी आणि लेन्स सुती कापडानं पुसावी. हसू नका, धुरकट फोटोंचं निम्मं कारण बोटांचं तेल असतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिडच्या रेषा चालू करा, घाटाच्या पायऱ्या तिरक्या येत नाहीत. कॅमेरा असेल तर ॲपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते तुम्ही ठरवता, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) एफ/८, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो, आणि शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली जाऊ नये अशी मर्यादा घालून ठेवा, म्हणजे चालती माणसं फोटोत हललेली येणार नाहीत. उजेड कमी असेल तर एफचा आकडा खाली आणा, छिद्र मोठं होतं. बाकीचं सगळं नंतर शिकता येतं. ट्रायपॉड घरी ठेवा, सकाळच्या गर्दीत तो दुसऱ्याच्या पायात येतो.

चपला अशा घाला की घाटाच्या ओल्या पायरीवर घसरणार नाहीत. शेवाळावर माणूस कॅमेऱ्यासकट बसलेला मी पाहिलाय. माणूस उठला, कॅमेरा नाही उठला.

पहिली वाट

पहिल्यांदा कुठं जायचं, तर गोदाघाट. अंजनेरी, हरिहर वगैरे किल्ले नंतर. तिथं चढण्यात दम जातो आणि फोटो राहतात बाजूला.

जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो, मेअखेरीस सहाच्या सुमारास. त्याच्या अर्धा तास आधी पोहोचा. थंडीच्या दिवसांत त्या वेळी पाण्यावर वाफेसारखं धुकं असतं आणि दिवे अजून चालू असतात. निळा आणि पिवळा असे दोन्ही उजेड एकदम मिळतात ते तेवढ्या वीस मिनिटांतच.

आता उजेडाची दिशा. रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्व काठाला, जुनं नाशिक पश्चिम काठाला. म्हणजे सूर्य पंचवटीच्या मागून वर येतो. पश्चिम काठावर उभं राहून समोर बघितलंत तर देवळांची शिखरं काळी आणि मागं केशरी आभाळ. मोबाइलवर आभाळाच्या उजळ भागावर बोट दाबून धरा आणि उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर आभाळ पांढरंफट्ट येतं. तेच पंचवटीच्या बाजूला उभं राहून पश्चिमेकडे वळलात तर कोवळं ऊन जुन्या नाशिकच्या भिंतींवर पडलेलं दिसेल. नवखे सगळे उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही पाच मिनिटांनी एकदा मागं वळून बघा.

सुरुवात सुंदरनारायण मंदिरापासून करा. १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं हे देऊळ, २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोहोचतात यासाठी प्रसिद्ध आहे. तिथून अहिल्याबाई होळकर पुलावर या. पुलावरून सगळा घाट एका नजरेत येतो, पण तिथं दहा मिनिटांपेक्षा जास्त रेंगाळू नका. वरून काढलेले फोटो सगळ्यांचे सारखेच येतात. पूल ओलांडून खाली रामकुंडाकडे उतरा आणि डोळ्यांची उंची बदला: पायरीवर बसा, पाण्याच्या रेषेशी मोबाइल न्या. ओल्या दगडावर पडलेलं प्रतिबिंब पाण्यातल्यापेक्षा चांगलं मिळतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

पुढं नारोशंकराचं मंदिर. १७४७ मधलं. वसईच्या विजयातून आलेली मोठी घंटा तिथं आहे, तीच ती 'नारोशंकराची घंटा'. नुसती घंटा फ्रेममध्ये भरून घेतलीत तर ती कुठल्याही देवळातली वाटेल. खालून जाणारा माणूस येईपर्यंत थांबा, मग तिचा आकार कळतो. या देवळावरचं कोरीवकाम बघायला सकाळचं तिरपं ऊन लागतं. दुपारी तिथं जाऊ नका, डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं. कपालेश्वराच्या पायऱ्या जवळच आहेत. समोर नंदी नसलेलं महादेवाचं देऊळ म्हणून लोक मुद्दाम बघायला येतात. पण फोटोसाठी म्हणाल तर चढून आलेली, मध्येच टेकलेली माणसं बघा.

मग दुतोंड्या मारुतीवरून पलीकडे, भांडीबाजार आणि सराफबाजाराच्या बाजूला. सकाळी दुकानं बंद असतात, ते आपल्याला बरंच. पाट्या आणि गर्दी नसताना वरचे लाकडी सज्जे, खांब, जाळ्या मोकळ्या दिसतात. तांब्या-पितळेची भांडी उघडी मांडलेली बघायची असतील तर पुन्हा दहा-अकराला जायला लागेल. चकचकीत हंड्यात तुम्ही स्वतःच कॅमेऱ्यासकट दिसता, तेव्हा जरा तिरके उभे राहा. वाड्यांबद्दल एक कळकळीची विनंती: फोटो काढलात की गल्लीचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. जुन्या नाशकातले वाडे एकामागून एक पडताहेत. मी चार वर्षांपूर्वी टिपलेल्या एका दिंडीदरवाजाच्या जागी आज पार्किंग आहे, आणि तो दरवाजा कुठल्या वाड्याचा हे मला आता सांगता येत नाही. आत चौकात पाऊल टाकायच्या आधी हाक मारायला विसरू नका. "काकू, चौकाचा एक फोटो काढू का?" असं विचारलं तर नकार क्वचित मिळतो. न विचारता गेलात तर नंतर येणाऱ्यांनाही दार बंद.

ही सगळी वाट जेमतेम दीड-दोन किलोमीटरची. अडीच तास लागतात. कमी लागले तर तुम्ही फार भरभर चाललात. बुधवारी सवड असेल तर घाटावरचा आठवडे बाजार वेगळा करा, त्याला एक सकाळ पुरत नाही.

शेवटी मिसळ. कुठली, यावर आमच्या ग्रुपमध्ये फोटोंपेक्षा जास्त वाद झालेत, तेव्हा इथं नाव घेत नाही.

माणसांचे फोटो

इथं नवखे सगळ्यात जास्त चुकतात, आणि ही चूक फोटो बिघडण्याइतकी साधी नसते.

रामकुंडावर लोक अस्थी घेऊन येतात. घाटावर दशक्रियेचे विधी चाललेले असतात. नुकतं मुंडण केलेला मुलगा, पिंडाकडे बघत बसलेली बाई, कावळ्याची वाट बघणारं कुटुंब, हे सगळं फोटोत 'भारी' दिसतं हे मला माहीत आहे. काढू नका. लांबच्या लेन्सनं लपून तर अजिबात नाही. आंघोळ करणाऱ्या, कपडे बदलणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवायचा नाही, हे सांगायलाही लागू नये. पण ग्रुपमधून एकाला याच कारणासाठी आम्ही घरी पाठवलंय.

बाकीच्यांना विचारा. फुलवाली मावशी, वस्तरा परजणारा न्हावी, चहावाला दादा. आधी काहीतरी विकत घ्या किंवा दोन शब्द बोला, मग "एक फोटो काढू का?" त्या क्षणी माणूस ताठ बसतो, पदर सारखा करतो, आणि तो फोटो पासपोर्टसारखा येतो. तोही काढा, त्यांना दाखवा. मग तिथंच उभे राहा. पाच मिनिटांत गिऱ्हाईक येतं, माणूस तुम्हाला विसरतो, आणि तुम्हाला हवा होता तो फोटो तेव्हा मिळतो. परवानगी आधीच मिळालेली असते, त्यामुळे चोरी केल्यासारखंही वाटत नाही.

पुढच्या खेपेला चार बाय सहाची प्रिंट नेऊन द्या. खर्च चहाएवढाच. हारांच्या दुकानातल्या एका आजींना मी त्यांचा फोटो नेऊन दिला. त्यांनी तो गणपतीच्या तसबिरीशेजारी खोचला आणि मला विचारलं, "एवढी म्हातारी दिसते होय मी?" तेव्हापासून त्या रांगेत मला कुणी नाही म्हणत नाही.

लहान मुलांच्या आई-बापांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे ग्रुपवर टाकू नका. साधूंचा फोटो काढल्यावर ते दक्षिणा मागतात. द्यायची नसेल तर आधीच काढू नका, नंतर हुज्जत नको. सिंहस्थात तर हे विशेष लक्षात ठेवा.

कॅमेरा खाली ठेवायच्या जागा

देवळांच्या गाभाऱ्यात फोटो नाहीत. काळारामाच्या आवारात पाटी वाचा, पुजाऱ्यांना विचारा. काळ्या पाषाणातलं ते देऊळ बाहेरूनही भरपूर देतं, आणि २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जो मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच देवळाच्या दारांसमोर, हे मनात ठेवून त्या दारांकडे बघितलं तर फ्रेम आपोआप बदलते.

नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, देवळालीचा लष्करी भाग, ओझरचं विमानतळ आणि एचएएल या विमान कारखान्याचा परिसर: इथं कॅमेरा पिशवीतच. ड्रोनचा विचार या शहरात परवानगी हातात असल्याशिवाय करूच नका. पांडवलेणीला तिकीट काढून मोबाइल-कॅमेरा नेता येतो, ट्रायपॉडला मात्र पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. २४ लेण्यांपैकी तिसऱ्यात गौतमी बलश्रीचा, म्हणजे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, कोरीव लेख आहे. फ्लॅश मारलात तर फोटोत अक्षरं पुसट दिसतात, बाजूनं येणाऱ्या उजेडात खोदकाम उठून दिसतं. पायथ्याला दादासाहेब फाळके यांचं स्मारक आहे. त्र्यंबकला जन्मलेला हा माणूस सिनेमाच्या आधी छायाचित्रणाचाच व्यवसाय करत होता, तेव्हा तिथं जरा टेकून पाणी प्या.

संध्याकाळी

घरी आलात की अडीचशे-तीनशे फोटो असतात. लगेच काही टाकू नका. जेवा, झोपा. उठल्यावर एकदा भराभर बघा आणि ज्यावर बोट थांबेल तेवढ्यांवर खूण करा. मग त्यातले निम्मे काढा. मग पुन्हा निम्मे. पाचवर आलात की थांबा. काढून टाकणं जिवावर येतं, कारण तो फोटो मिळवायला आपण चिखलात गुडघे टेकलेले असतात, आणि ते गुडघे बघणाऱ्याला दिसत नाहीत. बाकीचे फोटो महिनाभर डिलीट करू नका. दुसऱ्याचे फोटो बघितल्यावर आपल्याच टाकाऊ ढिगात काहीतरी सापडतं, माझ्या त्या अर्ध्या डोक्यासारखं.

व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं, म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पण तसं पाठवलं की फोटोत दडलेलं ठिकाणही बरोबर जाऊ शकतं. घाटाचं ठीक आहे, घराच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोचं लोकेशन आधी काढून टाका. खाली एक ओळ लिहा: कुठं, किती वाजता.

"कसा वाटला?" असं विचारलंत तर अंगठे येतील. नेमकं विचारा. "उजवीकडची मोटरसायकल त्रास देते का?" "हा काळा-पांढरा करू की राहू देऊ?" आता खरी उत्तरं येतात. दुसऱ्याला सांगताना तुमची नजर आधी कुठं गेली ते सांगा. 'एक नंबर' म्हणून कुणाचं भलं होत नाही, आणि 'फोकस चुकलाय' एवढंच म्हणून मन मोडतं. बोचरं काही ऐकायला मिळालं तर त्या रात्री उत्तर देऊ नका. माझा एक लाडका सूर्यास्त "हा कॅलेंडरवर शोभेल" एवढ्यावर निकालात निघाला होता. दोन दिवस राग होता. मग कॅलेंडर बघितलं, तर खरंच शोभला असता.

ग्रुपमधला फोटो काढणाऱ्याला विचारल्याशिवाय बाहेर पाठवू नका, नाव देऊन सुद्धा नाही. स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा पहिला हक्क, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, काढणाऱ्याचाच. आणि फोटोतल्या माणसानं 'हे काढा' म्हटलं तर कारण न विचारता काढा.

पुढचे वॉक

पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला जाल तर एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, दहा मिनिटं थांबा. परत आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवलात तर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, दोन्ही स्वस्त आहेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी नांदूरमधमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पक्ष्यांचं ठिकाण राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे. मोबाइलवाल्यांनी तिथं दुर्बीण न्यावी आणि फोटोचा हट्ट सोडावा. उडताना फोटो हवा म्हणून पक्षी उठवणाऱ्याला ग्रुपमध्ये ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घरट्यांची जागा तर कुठंच टाकायची नाही.

रंगपंचमीला मात्र पहिल्याच वर्षी कॅमेरा घेऊन रहाडीजवळ जाऊ नका. पेशवेकाळापासूनच्या त्या रंगाच्या हौदात लोक वरून उड्या मारतात आणि पाणी दहा फुटांवर येतं. पहिल्या वर्षी जुने कपडे घालून नुसतं रंगायला जा, पाणी कुठून कसं उडतं ते अंगावर घेऊन बघा. दुसऱ्या वर्षी समोरच्या घरातल्यांना आदल्या दिवशी विचारून गच्ची ठरवा, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी रबरानं बांधा, लेन्सपुरतं भोक ठेवा, आणि खिशात दोन कोरडी फडकी ठेवा. एक लेन्ससाठी. दुसरं गच्चीवाल्या काकांसाठी, कारण तेही भिजतात.